परळ ते खारघर : मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींवरील संशोधनाची वाटचाल

खटाव-माणच्या माणसाला परळ नवे नाही. येरळेकाठच्या वडूजपासून मुंबई सुमारे ३०० किलोमीटर. पण पाऊस रुसला की इथला माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडी कामाला मुंबई गाठत आला आहे. लालबाग-परळच्या चाळींतून एकेका गावच्या माणसांची बिऱ्हाडे एकत्र नांदत. त्याच गिरणगावात टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. म्हणून वडूज, मायणी, दहिवडी या पट्ट्यात कुणाला ‘टाटाला नेलंय’ म्हटले की पुढचे विचारावे लागत नाही. या रुग्णालयाने कर्करोगाच्या इतर प्रकारांबरोबर मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींवर जे संशोधन उभे केले, त्याची ही नोंद. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाइतकी या कामाची चर्चा होत नाही. रुग्णसंख्या कमी आणि काम किचकट, हे त्याचे कारण.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळमध्ये कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधण्याचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खाटा होत्या ८०. महायुद्ध सुरू होते, यंत्रे आणि औषधे परदेशांतून यायची. मेंदूच्या गाठीच्या रुग्णासाठी तेव्हाच्या वैद्यकाकडे फार काही नव्हते. कवटीच्या आत काय चालले आहे, हे पाहायला साध्या एक्स-रेचा उपयोग बेताचाच. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घ्यायचे, पोकळी कुठल्या बाजूला ढकलली गेली आहे ते पाहायचे आणि त्यावरून गाठीची जागा ताडायची, अशी ती पद्धत होती. तपासणीनंतर रुग्ण कित्येक तास डोकेदुखीने तळमळत असे.

संशोधनाची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. विकृतिशास्त्राचा हा जाणकार सुरुवातीपासून रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सांभाळत होता. नुसते उपचार करत राहिलो तर तेच तेच करत राहू, रोगाचे मूळ शोधणारी वेगळी जागा हवी, हा त्यांचा आग्रह. त्यातून १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवणे ही तेव्हा आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. पुढे याच संस्थेत मेंदूच्या गाठींच्या पेशींवर जे प्रयोग झाले, त्यांचा पाया तिथे घातला गेला.

रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल केंद्र झाले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याखाली का, असे अजूनही कुणी विचारते. किरणोपचार हा कर्करोगावरील उपचाराचा मोठा आधार, आणि किरणांची मोजदाद करणारे भौतिकशास्त्रज्ञ देशात होते ते याच खात्याकडे. मेंदूच्या बाबतीत तर मिलिमीटरचा हिशेब असतो. त्या हिशेबाची सवय संस्थेला या संगतीने लागली, असे म्हणायला हरकत नाही.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शास्त्र मात्र वेगळ्याच वाटेने वाढत होते. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये देशातला पहिला मेंदूशल्य विभाग सुरू केला. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती होते. १९५१ मध्ये या मंडळींनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हा विभाग उभा केला, तर जे. जे. समूहात डॉ. दराब दस्तूर यांनी मज्जासंस्थेच्या विकृतिशास्त्राला वाहून घेतले. केईएम आणि टाटा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरीही शस्त्रक्रिया एका इमारतीत, किरण दुसऱ्या इमारतीत आणि गाठीच्या तुकड्याचा अहवाल तिसरीकडे, अशी बराच काळ स्थिती होती. टाटामध्ये येणाऱ्या मेंदूच्या रुग्णांपैकी पुष्कळांचे ऑपरेशन आधी दुसरीकडे झालेले असे. केसपेपरची पिशवी, काचपट्ट्यांची डबी आणि फिल्मचा लिफाफा घेऊन नातेवाईकच या तिन्ही ठिकाणांचा दुवा होत.

आकडेवारीचे कामही सोपे नव्हते. १९६३ मध्ये कर्करोगतज्ज्ञ डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातील लोकसंख्येवर आधारलेली ती पहिली नोंदणी. १९८७ मध्ये टाटाच्या साहाय्याने बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी झाली. मेंदूच्या गाठींचे प्रमाण भारतात वर्षाला लाखामागे ५ ते १० इतकेच सांगितले जाते. त्यातही जागतिक वर्गीकरणात गाठींचे प्रकार १०० हून अधिक. मज्जारज्जूच्या गाठी त्याहून विरळ. एका प्रकारचे पुरेसे रुग्ण एका छताखाली जमल्याशिवाय अभ्यास होत नाही, आणि एवढे रुग्ण देशात फार थोड्या ठिकाणी जमतात. खेड्यात तर फिट्स आल्या तर बाहेरची बाधा, नजर कमी झाली तर चष्मा आणि पाय लुळे पडले तर वारे, अशी आधी समजूत. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असेल तर हे गेलेले दिवस महागात पडतात. पाय एकदा पूर्ण गेल्यावर दाब काढला, तरी चालणे परत येईलच असे नसते.

सीटी स्कॅनने चित्र पालटले. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले. पुढे हे यंत्र भारतात आले, मग एमआरआय आले. गाठ दिसू लागली, तिच्या कडा दिसू लागल्या. टाटामध्ये डॉ. केतायून दिनशा यांनी किरणोपचार विभागाला आधुनिक वळण दिले. १९९५ पासून संस्थेची धुरा त्यांच्याकडे होती. त्याच काळात डॉ. राकेश जलाली यांनी मेंदूच्या गाठींचा स्वतंत्र गट बांधायला घेतला. शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एका टेबलाभोवती बसून एकेका रुग्णाचा निर्णय घ्यायचा, अशी ही रीत. आज ती साधी वाटते. तेव्हा एका खात्याच्या तज्ज्ञाने दुसऱ्या खात्याच्या तज्ज्ञासमोर आपले मत बदलणे, तेही रुग्णादेखत, हे सहज पचणारे नव्हते.

डोक्याला किरण देणे म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय या संशोधनाचे महत्त्व कळत नाही. आधी रुग्णाचा मास्क बनतो. जाळीदार प्लास्टिकचा पांढरा तावदानासारखा ताव गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. तो मऊ झाला की दोन तंत्रज्ञ तो दोन्ही बाजूंनी धरून रुग्णाच्या तोंडावर ओढतात आणि टेबलाला अडकवतात. नाक, भुवया, हनुवटी यांचा ठसा घेत तो काही मिनिटांत कडक होतो. पुढचे सहा आठवडे रोज याच मास्कखाली निपचित पडायचे. रुग्ण याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. लाईट लागत नाही, दुखत नाही. पण लहान मुलाला खोलीत एकटे सोडून आई दाराबाहेर गेली की पहिले दोन-तीन दिवस कठीण जातात. मूल फारच लहान असेल तर भूल द्यावी लागते. मास्कवर चित्रे रंगवणे, आधी खेळण्यातल्या बाहुलीला मास्क घालणे, अशा युक्त्या तंत्रज्ञांनी आणि परिचारिकांनीच शोधल्या. शोधनिबंधांत त्यांची नावे येत नाहीत.

गाठ बरी झाली तरी मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न १९९० च्या दशकात जगभर विचारला जात होता. वाढत्या मेंदूवर किरण पडले की काही वर्षांनी स्मरण मंदावते, शाळेत मूल मागे पडते, संप्रेरकांचे गणित बिघडून उंची खुंटते. गाठीच्या आकाराबरहुकूम, आजूबाजूचा निरोगी मेंदू वाचवून किरण देण्याचे तंत्र तेव्हा आले होते. ते महागडे होते, आणि त्याने खरोखर फायदा होतो की फक्त चित्र देखणे दिसते, याचा पक्का पुरावा कुणाकडेच नव्हता. तो शोधायचे टाटाने ठरवले. एप्रिल २००१ मध्ये अभ्यास सुरू झाला. सौम्य किंवा मंदगतीच्या गाठी असलेले, ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट. मात्रा दोघांना सारखीच, ३० हप्त्यांत ५४ ग्रे. फरक फक्त किरण देण्याच्या तंत्रात : एका गटाला हे नेमके किरण, दुसऱ्याला जुन्या पद्धतीचे. उपचाराआधी बुद्ध्यांक आणि संप्रेरके तपासायची, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायची आणि मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी.

हे २०० रुग्ण जमायला मार्च २०१२ उजाडले. अकरा वर्षे. या काळात यंत्रे बदलली, निवासी डॉक्टरांच्या किती तुकड्या येऊन गेल्या. पण खरा कस लागला तो फॉलोअपचा. बरे वाटू लागलेल्या मुलाला केवळ तपासणीसाठी दरवर्षी मुंबईला आणायचे म्हणजे घरच्यांचा रोजगार बुडणार, गाडीभाडे लागणार, परीक्षा आड येणार. दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या ठिकाणांनी बाहेरगावच्या कुटुंबांना कमी पैशांत आसरा दिला. रुग्णांसाठी स्थापन झालेल्या ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडियाने औषधांना आणि प्रवासाला हातभार लावला. कुटुंबे येत राहिली, म्हणून आकडे मिळाले.

निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आले. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण नेमक्या किरणांच्या गटात पाच वर्षांनंतरचा बुद्ध्यांक अधिक चांगला टिकला होता. संप्रेरकांचे नवे दोष त्या गटात ३१ टक्के रुग्णांत दिसले, तर जुन्या पद्धतीच्या गटात ५१ टक्क्यांत. या प्रश्नावर यादृच्छिक पद्धतीने मिळालेला एवढा ठोस पुरावा आधी नव्हता. सुरुवातीपासून छपाईपर्यंत सोळा वर्षे लागली. निकाल लवकर हवा असणाऱ्या आजच्या हिशेबात असा अभ्यास बसणे अवघड. सरकारी पगारावरची, चिवट माणसांची संस्था होती म्हणून तो तडीस गेला.

दरम्यान संस्था परळच्या जागेत मावेनाशी झाली होती. २००२ मध्ये संशोधन संस्था नवी मुंबईत खारघरला गेली आणि टाटाचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षणाचे प्रगत केंद्र, म्हणजे ॲक्ट्रेक, उभे राहिले. मागे डोंगर, समोर माळ आणि गाड्यांची वानवा. सुरुवातीला तिथे जायला रुग्ण नाखूष असत. ‘टाटा’ म्हणजे परळ हे समीकरण पक्के होते. २००५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे किरणोपचाराचे देशी कोबाल्ट यंत्र पहिल्यांदा तिथेच बसले.

खारघरच्या प्रयोगशाळेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या लहान मेंदूतील गाठीचा माग घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी जनुकांच्या पातळीवर चार वेगळ्या जातींच्या निघतात. एका जातीची बहुतेक मुले बरी होतात, दुसरीची त्या मानाने खूपच कमी. ही जात ओळखण्याच्या बऱ्याच परदेशी पद्धतींना ताजी गोठवलेली ऊती लागे. आपल्याकडे तुकडा येतो तो फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला आणि मग मेणात बसवलेला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मेणाचा ठोकळा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसऱ्या गावच्या रुग्णालयातून नातेवाईक रुमालात बांधून आणतात तो हाच. त्यातील जनुकीय द्रव्याचे तुकडे झालेले असतात. या गटाने १२ जनुके आणि ९ सूक्ष्म आरएनए निवडून अशी चाचणी बसवली, की ब्लॉकच्या पातळ कापांवरूनही जात सांगता यावी. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीधर एपारी यांची त्यात साथ होती. परदेशी पद्धत जशीच्या तशी न घेता इथल्या रुग्णाच्या हातात जे असते त्यावरून काम भागवायचे, ही दृष्टी या साऱ्या वाटचालीत ठळक दिसते.

शस्त्रक्रियेतही तेच. ऑपरेशन करताना कवटी उघडली की मेंदू किंचित सरकतो आणि आधी काढलेला एमआरआय चुकीची जागा दाखवू लागतो. श्रीमंत देशांत यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियागृहातच एमआरआय बसवतात. डॉ. अलीअसगर मोईयादी आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय अल्ट्रासाउंडची वाट धरली. ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफी करायची आणि उरलेली गाठ पडद्यावर पाहायची. खर्च कितीतरी कमी. पेशींना चमक आणणारे द्रव्य आधी पाजून निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल पाहण्याचे तंत्रही त्यांनी वापरात आणले.

सगळेच प्रयत्न फळाला आले असे नाही. ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांतील सर्वांत आक्रमक गाठ. २००५ मध्ये युरोप-कॅनडाच्या ५७३ रुग्णांवरील अभ्यासाने किरणांबरोबर टेमोझोलोमाइड हे औषध द्यायची पद्धत रूढ झाली, तरी जगण्याचा मध्यक काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला इतकेच. किरणांतून वाचलेल्या थोड्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात आणि त्यांतून गाठ पुन्हा उभी राहते, असे डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने खारघरला दाखवले. जंतांवर देतात ते स्वस्त मेबेंडाझोल पुन्हा उलटलेल्या गाठीवर चालेल का, हे ८८ रुग्णांवर तपासले गेले. नऊ महिने जगणाऱ्यांचे ५५ टक्के प्रमाण गाठायचे ठरले होते. ते गाठता आले नाही. २०२२ मध्ये संस्थेने हा नकारार्थी निष्कर्ष जसाच्या तसा छापला. औषध स्वस्त होते, आशा मोठी होती, म्हणूनच हे छापणे गरजेचे होते.

याहून जिव्हारी लागणारा अनुभव मुलांच्या बाबतीत आला. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यात उतरतात, म्हणून डोके आणि संपूर्ण मज्जारज्जू दोन्हींना किरण द्यावे लागतात. मुलाची पाठ आखूड राहते, शिकणे मंदावते. चार जातींपैकी सर्वांत सौम्य जातीच्या मुलांना संपूर्ण डोक्याचे आणि पाठीचे किरण टाळता येतील का, असा अभ्यास डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या गटाने हाती घेतला. मोजकीच मुले त्यात घेतली आणि काहींचा आजार किरण न दिलेल्या भागात उलटल्याचे दिसताच अभ्यास मुदतीपूर्वी थांबवला. नंतर प्रश्न नव्याने मांडला गेला : डोक्याचे आणि पाठीचे हे किरण पूर्ण न टाळता १८ ग्रे इतक्या कमी मात्रेवर आणले तर? पुढचा अभ्यास याच प्रश्नावर बेतला गेला.

एका संस्थेचे काम देशभर पोचायला जाळे लागते. इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कॉलॉजीच्या स्थापनेत टाटाच्या मंडळींचा पुढाकार होता. दिल्लीच्या एम्ससह इतर संस्थांच्या तज्ज्ञांना घेऊन या सोसायटीने २०१७ मध्ये मेड्युलोब्लास्टोमावरील उपचारांची भारतीय मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातील कर्करोग रुग्णालये जोडली. डॉ. जलाली पुढे चेन्नईला गेले. तिथल्या खासगी रुग्णालयात २०१९ मध्ये दक्षिण आशियातील पहिले प्रोटॉन उपचार केंद्र उघडले. तिथे लागणारा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता.

सार्वजनिक रुग्णालयातही प्रोटॉन हवे, ही निकड खारघरने भागवली. ११ मे २०२३ रोजी तेथील केंद्र राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले. नेहमीचे क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात. पाठीमागून मज्जारज्जूला दिले तर वाटेत पुढचे हृदय, फुप्फुसे, आतडी यांनाही त्यांचा प्रसाद मिळतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली शक्ती टाकून थांबतो. डोके आणि पूर्ण पाठ यांना किरण द्यावे लागणाऱ्या मुलासाठी हा फरक मोठा. अशा मुलांना आता खारघरमध्ये प्रोटॉन मिळू लागले आहे. पण गरजू अधिक, खोल्या तीन. कुणाला आधी घ्यायचे हा निर्णय तज्ज्ञांच्या गटाला रोज करावा लागतो.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यातही फरक पडला आहे. सातारा, मिरज, कोल्हापूर येथे किरणोपचाराची सोय झाली, सरकारी जनआरोग्य योजनेमुळे खर्चाचा काही भार हलका झाला. नेहमीच्या किरणोपचारांसाठी वडूजच्या रुग्णाला सहा आठवडे मुंबईत मुक्काम ठोकावाच लागतो असे उरले नाही. मेणाचा ब्लॉक मात्र अजून खारघरला जातो, आणि अवघड निदानावर तिथल्या अहवालाची वाट पाहिली जाते. प्रोटॉन घेतलेल्या पहिल्या मुलांचा बुद्ध्यांक, उंची आणि शाळेतील प्रगती यांच्या नोंदी हाती यायला वेळ आहे. २००१ च्या अभ्यासाइतकीच वर्षे त्यालाही लागतील, आणि तोवर त्यांच्या आईवडिलांना दरवर्षी तारखेला हजर राहावे लागेल.